हिरवे तेवढे कुरण नव्हे!

आपल्या शहरी मंडळींना माळरान ठाऊक असते ते आगगाडीच्या खिडकीतून. पाऊस पडला की हिरवे, सरला की पिवळे! सरकारी दप्तरातही पुष्कळदा त्याची नोंद 'पडीक' अशीच.

गेल्या भाद्रपदात सोलापूरकडच्या एका माळावर मी दोन जाणकारांबरोबर हिंडलो. एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, दुसरे मेंढरे राखणारे धनगर आजोबा. प्राध्यापकांनी मीटरभर लांबीरुंदीची चौकट जमिनीवर ठेवली. आत कोणती गवते, किती, आणि उघडी माती किती, हे वहीत टिपले. मग ठराविक दगडापाशी उभे राहून छायाचित्र घेतले. दरवर्षी हीच जागा, हाच महिना!

"एवढा हिरवागार माळ, यात मोजायचे काय?" मी विचारले.

आजोबा हसले. "हिरवं समदं चारा नसतंय, सायेब. पवन्या, मारवेल पोटाला. ही कुसळं मेंढराच्या कातड्यात रुतत्यात."

प्राध्यापकांची वही हेच सांगत होती. पवन्या आणि मारवेल ही बहुवर्षायू गवते. त्यांची मुळे माती धरून ठेवतात. विश्रांतीवाचून चराई झाली की बी धरण्याआधीच ती खुडली जातात, मुळे खंगतात. त्यांच्या जागी कुसळी येते, मग एका पावसाची हलकी गवते, आणि शेवटी उघडी माती. ती पावसाबरोबर वाहून जाते. गंमत अशी, की बराच काळ माळ हिरवाच दिसतो. डोळा फसतो, वही फसत नाही.

दुखणे लवकर कळले, तर औषध स्वस्त असते: माळाचा एक भाग बी झडेपर्यंत राखावा, एवढेच. शिवाय दुष्काळाने खालावलेला माळ चांगल्या पावसाने सावरू लागतो; पाऊस होऊनही खालावतच गेला, तर कारण दुसरे. हा निवाडा वर्षानुवर्षांच्या नोंदीच करू शकतात. नाहीतर प्रत्येक वेळी दोष धनगराच्या माथी!

आणि प्रश्न केवळ मेंढरांचा नाही. नान्नजच्या माळाला १९७९ साली अभयारण्य केले, ते माळढोकासाठी. 'पडीक' समजून अशा माळावर दाट झाडी लावली, तर त्या पक्ष्याचे घरच मोडते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांना आणि पशुपालकांना वाहिले, ते उगाच नव्हे.

दिवाळीत गवत पिकलेले असते, ओळखायला सोपे. वाचकहो, गावी जाल तेव्हा जवळच्या माळावर एखादा दगड खुणेचा धरून छायाचित्र घ्या. पुढच्या दिवाळीत तिथूनच पुन्हा घ्या, आणि दोन्ही एखाद्या मेंढपाळाला दाखवा. तो काय सांगतो, ते ऐकण्यासारखे असेल.