ट्रान्सफर ऑर्डर निघत नाही
(लेखमाला : गुरांचा डॉक्टर व्हायचंय, लेखांक ६)

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये 'ट्रान्सफर' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ही पोलाद कारखान्याची वसाहत. इथून कुणी दल्ली-राजहराच्या खाणींवर गेलं, कुणी बोकारोला, कुणी राउरकेल्याला. ऑर्डर निघाली की सामान ट्रकमध्ये, मुलांचे दाखले आईच्या पिशवीत आणि नव्या गावी नवं क्वार्टर. बदलतो तो पत्ता. नोकरीची वर्षं, सेवाज्येष्ठता, पी.एफ. हे सगळं माणसाच्या मागोमाग जातं.

तेव्हा परदेशात व्हेटर्नरीला गेलेल्या एखाद्या मुलीनं दोन वर्षांनी फोनवर 'मला इकडेच शिकायचंय' म्हटलं, तर अशा घरातलं उत्तर ठरलेलं असतं : अगं, मग ट्रान्सफर घे की. अंजोऱ्याला कॉलेज आहे, दुर्गच्या पुढे शिवनाथ ओलांडली की आलंच. घरून येऊन-जाऊन करशील.

अंजोऱ्याचं कॉलेज खरंच तेवढं जवळ आहे. राजनांदगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विश्वविद्यालयाचं. रस्ता सरळ आहे, नियमाची वाट मात्र जवळपास बंद.

भारतात जनावरांवर उपचार कुणी करावेत, हे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ ठरवतो. या कायद्याला अनुसूची जोडलेल्या आहेत. पहिलीत देशातल्या मान्य पदव्या येतात, दुसरीत परदेशातल्या. परदेशी पदवी या यादीत यायची तर तिकडची परिषद आणि इकडची परिषद यांच्यात देवाणघेवाणीचा करार व्हावा, अशी कायद्याची कल्पना. तुम्ही आमची पदवी माना, आम्ही तुमची मानू. दोन घरांतल्या आहेरासारखंच हे, एका बाजूनं हात आखडला की दुसरी बाजूही आखडते. आणि हात आखडण्यात कुणीच मागे नाही. नागपूरहून किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या पशुवैद्यालाही तिथे थेट दवाखाना थाटता येत नाही. आधी कागदपत्रांची पडताळणी, मग इंग्रजीची, मग मूलभूत विषयांची परीक्षा, त्यानंतर प्रत्यक्ष जनावरांवर हात चालवून दाखवायची अनेक दिवसांची परीक्षा आणि शिवाय परवान्यासाठीची राष्ट्रीय परीक्षा. परळचं कॉलेज १८८६ चं आहे, हे तिथे कुणी विचारातही घेत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सहज निसटते. कायदा बोलतो तो पुऱ्या झालेल्या पदवीबद्दल. अर्धी पदवी नावाची वस्तू त्याला ठाऊकच नाही. दोन वर्षं झालेली, अकरा विषय पास झालेली, प्राध्यापकांनी पाठ थोपटलेली मुलगी त्याच्या लेखी बारावी पास असते.

घरोघरचा आणखी एक घोळ 'मायग्रेशन सर्टिफिकेट' या कागदानं केलेला आहे. नावावरून वाटतं की हा कागद हाती आला की स्थलांतराचा हक्क मिळाला. प्रत्यक्षात एका विद्यापीठानं 'आमचं या विद्यार्थ्याकडे काही देणंघेणं उरलेलं नाही, त्यानं दुसरीकडे नाव घालायला हरकत नाही' एवढंच त्यात म्हटलेलं असतं. दुसरीकडे दार उघडेल की नाही, याबद्दल तो कागद गप्प. पशुवैद्यक शिक्षणाच्या नियमांत कॉलेज बदलण्याचा विचार होतो तोही परिषदेनं मान्यता दिलेल्या देशातल्या कॉलेजांपुरता, म्हणजे एकाच अभ्यासक्रमाखाली चालणाऱ्या दोन ठिकाणांमधला.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर 'क्रेडिट बँक' हा शब्द कानावर पडू लागला, त्यानंही आशा वाढवली. बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना त्यात काही ना काही हाती लागेल. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेचे नवे नियम आणले, तेव्हा स्वतंत्र परिषदांच्या ताब्यातले व्यावसायिक अभ्यासक्रम त्यातून बाहेरच ठेवले. वैद्यक, नर्सिंग, कायदा, वास्तुशास्त्र यांचा हिशेब त्यांच्या त्यांच्या परिषदांकडे. पशुवैद्यकालाही स्वतःची परिषद आहे, तेव्हा तिथलं गाऱ्हाणं आयोगाच्या दारात नेऊन उपयोग नाही.

नियम युद्धापुढे तरी वाकतो का, हे देशानं २०२२ मध्ये पाहिलं. प्रकरण माणसांच्या डॉक्टरकीचं होतं, पशुवैद्यकीचं नव्हे. पण परदेशातून अर्ध्यावर परतण्याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही. त्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांतून हजारो भारतीय विद्यार्थी घरी आले. त्यांत बहुतेक एम.बी.बी.एस.ची मुलं. छत्तीसगडची होती, विदर्भातली होती. आल्यावर प्रत्येक घरात तोच प्रश्न : इथल्या कॉलेजात घ्या. पश्चिम बंगाल सरकारनं तर आपल्या राज्यातल्या मुलांना सामावून घेण्याची घोषणाही केली. केंद्रानं मान हलवली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की परदेशी कॉलेजातून भारतीय कॉलेजात विद्यार्थी हलवण्याची तरतूद कायद्यात नाही. त्याआधीच्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघालेल्या परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या नियमावलीत तर सगळं शिक्षण एकाच परदेशी संस्थेत पुरं व्हावं, अशी अट होती.

त्याच सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं एक फट ठेवली. युक्रेनच्या 'मोबिलिटी' योजनेखाली मुलांनी तात्पुरतं तिसऱ्याच देशातल्या विद्यापीठात शिकावं, पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच राहील. म्हणजे जगात इतरत्र चालेल, घरी नाही! ज्यांना घरीच यायचं होतं, त्यांच्या दृष्टीनं हा विनोदच होता.

शेवटी मार्च २०२३ मध्ये केंद्रानं न्यायालयाला सांगितलं की शेवटच्या टप्प्यात असलेल्या मुलांना एकदाच, फक्त एकदाच, एम.बी.बी.एस.च्या अंतिम परीक्षेचे दोन्ही भाग देऊ द्यावेत. कुठल्याही भारतीय कॉलेजात नाव न घालता. पास झालं तर दोन वर्षांची इंटर्नशिप. आणि हा निर्णय पुढे कुणी दाखला म्हणून वापरू नये, हेही त्यातच बजावलं. नीट पाहिलं तर यातही ट्रान्सफर नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलं तर या सवलतीच्या आसपासही आली नाहीत. युद्ध, सर्वोच्च न्यायालय आणि रोजच्या बातम्या एवढं सगळं पाठीशी असताना हे झालं. घरची आठवण येते, फी झेपत नाही, थंडी सोसत नाही, या कारणांवर फाइल किती हलेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हा सगळा सरकारी आडमुठेपणा आहे असं मात्र म्हणता येत नाही. अभ्यासक्रम शेजारीशेजारी ठेवून पाहिले की परिषदेची अडचण कळते.

आपल्या पदवीचं पूर्ण नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. लोक पहिली अक्षरं म्हणतात आणि शेवटची दोन गिळतात. गोम त्या गिळलेल्या अक्षरांत आहे : अ‍ॅनिमल हजबंडरी, पशुसंवर्धन. आपल्याकडचा पदवीधर रोग बरा करणारा असतोच, पण गोठा कसा बांधावा, वैरणीचा मेळ कसा घालावा, कोणत्या गाईला कोणतं वीर्य वापरावं, दुधा-मांसावर प्रक्रिया कशी करावी, गावात सभा घेऊन हे लोकांच्या गळी कसं उतरवावं, हेही त्याला परीक्षा देऊन शिकावं लागतं. २०१६ च्या किमान मानकांनुसार साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष फिरती इंटर्नशिप, अशी एकूण साडेपाच वर्षं. त्यात पशुधन व्यवस्थापन पहिल्याच वर्षी सुरू होतं. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक अभ्यासक्रमांचा ओढा कुत्रा, मांजर, घोडा यांच्या दवाखान्याकडे. गाई-म्हशी तिथेही शिकवतात, पण त्या शंभर-दोनशेच्या कळपातल्या. दारात बांधलेली एकच गाय आणि तिच्यावर चालणारं घर, हे तिथल्या पुस्तकात सहसा नसतं.

शरीररचनेचंच घ्या. आपल्याकडे ती बैल-म्हैस हाताशी ठेवून शिकवतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९६४ मध्ये काढलेलं राघवन यांचं 'अ‍ॅनाटॉमी ऑफ द ऑक्स' विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी झिजवलंय. बाहेर अनेक ठिकाणी सुरुवात कुत्र्यापासून होते. कुत्र्याचं पोट साधं, एका पिशवीचं. गाईचं चार कप्प्यांचं. घोड्याच्या बरगड्यांच्या अठरा जोड्या, बैलाच्या तेरा. घोडा एका बोटावर उभा, बैल दोन बोटांवर. कुत्र्यावर पहिलं वर्ष काढलेल्या मुलीला थेट तिसऱ्या वर्षात बसवलं, तर पोटफुगीनं तडफडणाऱ्या म्हशीच्या डाव्या कुशीत सुई नेमकी कुठे घालायची, हे तिला कोण आणि कधी शिकवणार?

रोगांचंही तसंच. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, गोचिडांतून येणारा थायलेरिया ही इथल्या पावसाळ्याची हजेरीपटावरची नावं. २०२२ च्या लम्पीनं तर देशभर गोठे हादरवले. लाळ-खुरकूत मात्र अमेरिकेत १९२९ नंतर दिसलेली नाही. तिथला विद्यार्थी ती चित्रांतून शिकतो. उलट अंजोऱ्याच्या आजूबाजूला भेटते ती कोसली गाय, छत्तीसगडची स्वतःची नोंदणीकृत जात. अंगानं लहान, दुधाला बेताची, शेतकऱ्याला मात्र कामाची. तिला कोणत्या जातीशी जोडावं आणि मुळात जोडावं का, हा इथला परीक्षेचा प्रश्न आहे आणि रोजच्या जगण्याचाही.

ट्रान्सफर न म्हणता ट्रान्सफर घडवणारी एक व्यवस्था जगात आहे, तीही पाहण्यासारखी. कॅरिबियन बेटांवर, सेंट किट्सला रॉस आणि ग्रेनाडाला सेंट जॉर्जेस, अशी दोन विद्यापीठं मुख्यतः अमेरिकन मुलांवर चालतात. अमेरिकेत वाढलेली भारतीय घरांतली मुलंही तिथे जातात. विद्यार्थी पहिली वर्षं बेटावर शिकतात आणि शेवटचं, प्रत्यक्ष उपचारांचं वर्ष ठरवून दिलेल्या मुख्य भूमीवरच्या कॉलेजात काढतात. पदवी बेटावरच्या विद्यापीठाची, पण दवाखाना मायदेशाचा. हे जमतं कारण अमेरिकेच्या मानांकन संस्थेनं २०११ मध्ये दोन्ही ठिकाणं स्वतःच्या मापानं मोजून मान्य केली. परतीची तजवीज विद्यार्थी घरातून निघण्यापूर्वीच झालेली असते. आपल्याकडे कुठल्या परदेशी कॉलेजाशी असं काही नाही, आणि एजंटनं 'नंतर बघू' म्हटलं तर त्यानं काहीच सांगितलेलं नाही असं समजावं.

आता 'घरी' म्हणजे कुठे, हाही एक तिढा आहे. भिलाईतल्या मराठी कुटुंबांतली बरीचशी नागपूर, भंडारा, गोंदिया, बालाघाटकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली. त्यांच्या मनातलं घर अजून नागपूर, दुर्गहून गाडीनं साडेतीन-चार तास. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चं. त्याआधी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातलं असं कॉलेज जबलपूरला होतं, १९४८ पासून. तेव्हा नागपूर, दुर्ग आणि जबलपूर एकाच राज्यात होती. १९५६ मध्ये सीमा सरकली, २००० मध्ये पुन्हा. आजीचं माहेर नागपूरला असलं तरी बारावी भिलाईत केलेल्या नातीला महाराष्ट्राच्या राज्य कोट्याचा सहसा उपयोग नाही. तिथे तिला दार आहे ते 'नीट'च्या गुणांवर पशुवैद्यक परिषद भरते त्या पंधरा टक्के अखिल भारतीय जागांचं. नागपूरला जायचं की अंजोऱ्याला, हे म्हणूनच भावनेनं ठरत नाही, अधिवासाच्या दाखल्यानं ठरतं.

मग फोनवर रडणाऱ्या मुलीला सांगायचं काय? तिसऱ्या-चौथ्या वर्षात असेल तर बहुतेक वेळा शहाणपणाचं हेच की तिथलं पुरं करावं. तिथली पदवी इथे नोंदणीसाठी कशी धरली जाईल, हे परिषदेला आत्ताच पत्रानं विचारून लेखी उत्तर घ्यावं. सीनिअरच्या सांगण्यावर राहू नये. ब्रिटनसारख्या देशात तर सुट्ट्यांमध्ये कॉलेजबाहेर गोठ्यात आणि दवाखान्यात आठवडेच्या आठवडे काम करणं शिक्षणाचाच भाग असतो. कॉलेजची आगाऊ परवानगी मिळाली, तर त्यातले काही आठवडे छत्तीसगडच्या गोठ्यात काढता येतात. कोसली गाईशी ओळख तिथेच होईल, आणि दोन घास घरचेही मिळतील.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात असेल, तर गणित वेगळं. दोन वर्षं गेली हे मान्य करून पुन्हा 'नीट'ला बसणं हाच सरळ मार्ग उरतो. अर्ज गेली काही वर्षं फेब्रुवारीत उघडतो, परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. बारावीचं जीवशास्त्र अशा मुलीला सोपं जातं, रसायन आणि भौतिक पुन्हा घासावं लागतं, कारण ते सुटून दोन वर्षं झालेली असतात. परत येताना तिनं तिकडून प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांची नोंद आणि गुणपत्रकं शिक्क्यासह आणावीत. इथे वर्ष वाचवायला ती कामी येणार नाहीत. पुढे तिला पुन्हा बाहेर शिकायला जावंसं वाटलं, तर तिकडची माणसं पहिली मागतील ती हीच.

(पुढील आठवड्यात : इंटर्नशिपचं वर्ष, आणि गावातला पहिला बाळंतपणाचा कॉल.)