गाईला टोचलेल्या थायरॉक्सिनचे अभिशोषण : मात्रा आणि उपलब्धता

प्रस्तावना :
अवटु ग्रंथीतून स्रवणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक चयापचयाचा वेग नियंत्रित करते. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ मध्ये अमेरिकेत ते स्फटिकरूपात वेगळे केले, तर हॅरिंग्टन व बार्जर यांनी १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे संश्लेषण केले. १९३० च्या दशकातील प्रयोगांत हे संप्रेरक टोचलेल्या दुभत्या गाईंचे दूध व त्यातील स्निग्धांश वाढल्याचे आढळले. तथापि टोचलेली मात्रा आणि पेशींना उपलब्ध झालेली मात्रा एकच नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास प्रयोगाचे निष्कर्ष फसवे ठरतात.

अभिशोषणाचे टप्पे :
थायरॉक्सिन उदासीन पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते. म्हणून ते सौम्य अल्कधर्मी द्रावणात विरघळवून टोचतात. त्वचेखालील ऊतींत ही अल्कता टिकत नाही. परिणामी विद्राव्यता घटते आणि संप्रेरक टोचलेल्या जागेतून सावकाश रक्तात उतरते. शिरेतून दिल्यास हा टप्पा टळतो. तोंडावाटे दिलेल्या थायरॉक्सिनचा प्रभाव मात्र रवंथ करणाऱ्या जनावरांत टोचलेल्याच्या तुलनेने बराच कमी पडतो.

रक्तात पोहोचलेले बहुतांश थायरॉक्सिन प्रथिनांशी बद्ध होते; अत्यल्प मुक्त अंशच पेशींत शिरतो. तेथे आयोडीनचा एक अणू निघून अधिक क्रियाशील ट्राय-आयोडोथायरोनिन तयार होते. हे रूपांतर यकृताप्रमाणेच कासेच्या ऊतींतही घडते. त्याच वेळी संप्रेरकाचा ऱ्हास व उत्सर्जनही चालू असते. त्यामुळे रक्तातील पातळी ही आवक व जावक यांची वजाबाकी असते. एकाच नमुन्यावरून अभिशोषण ठरविता येत नाही. टोचण्यापूर्वी व त्यानंतर ठरावीक अंतराने नमुने घेणे आवश्यक ठरते.

परिणाम व मर्यादा :
वाढलेल्या दुधाची किंमत गाय स्वतःच्या शरीरातून मोजते. हृदयाचे ठोके वाढतात आणि पुरेसे जादा खाद्य न मिळाल्यास वजन घटते. शिवाय बाहेरून संप्रेरक मिळताच पीयूषिका ग्रंथीचे उत्तेजन मंदावते व अवटु ग्रंथीचा स्वतःचा स्राव कमी होतो. उपचार थांबविताच तो लगेच पूर्ववत होत नाही. म्हणून दूध झपाट्याने उतरते आणि संपूर्ण वेताचा हिशेब केल्यास आरंभीचा लाभ बव्हंशी नाहीसा होतो.

समारोप :
सारांश, टोचण्याचा मार्ग, विद्राव्यता, प्रथिनबंधन व ऱ्हास यांवरच मात्रेचा खरा अर्थ अवलंबून असतो. काही आठवड्यांच्या दूधवाढीवरून अशा उपचाराची उपयुक्तता ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहेच. पशुपालकासही ते अखेरीस तोट्याचे ठरते.