स्टिकरवरचं भलतंच पेटंट

गिब्सन कंपनीच्या जुन्या लेस पॉल गिटारचा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, सोडवून उलटा केला, की तळाच्या पत्र्यावर इवलंसं काळं स्टिकर दिसतं. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘पेटंट अप्लाइड फॉर’. या तीन शब्दांपायी एकेका पिकअपला लाखांत किंमत मोजणारे संग्राहक आहेत. मला मात्र वर्षानुवर्षं ओढ लागली आहे ती त्यानंतरच्या स्टिकरची. १९६२च्या सुमारास मजकूर बदलून तिथे पेटंटचा क्रमांक आला: २,७३७,८४२. हे पेटंट शोधून काढलं, तर ते पिकअपचं नाहीच! ते आहे या गिटारला ज्यांचं नाव आहे त्या लेस पॉल यांच्या टेलपीसचं, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागाचं.

पिकअपचं खरं पेटंट २,८९६,४९१ क्रमांकाचं, गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांच्या नावावरचं. अर्ज जून १९५५चा, मंजुरी २८ जुलै १९५९ची. म्हणजे मंजुरीनंतरही जवळजवळ तीन वर्षं गिब्सन ‘अर्ज केला आहे’ एवढंच छापत राहिली आणि मग क्रमांक दिला तोही भलताच. ही नजरचूक असेल यावर माझा विश्वास बसत नाही. नक्कल करू पाहणाऱ्यांच्या हाती आराखडा लागू नये, म्हणूनच हे केलं असावं.

लव्हर मिशिगनमधल्या कलामझूचे, गिब्सनच्याच गावचे. मूळचे रेडिओवाले. एका कॉइलचा पिकअप तारेच्या कंपनाबरोबर आसपासच्या विजेची गुणगुणही पकडतो, हे त्यांना खुपत होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या चोकमधली गुणगुण त्यांनी आधी दोन कॉइलच्या जोडीने घालवली होती. तीच युक्ती त्यांनी इथे लावली. एका कॉइलला चुंबकाचा उत्तर ध्रुव, दुसरीला दक्षिण, आणि दोन्हींची जोडणी एकमेकींच्या उलट. बाहेरून येणारी गुणगुण चुंबकाला जुमानत नाही, त्यामुळे ती उलट जोडणीत परस्पर कटते. तारेचा संकेत मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो, जोडणीमुळे पुन्हा सुलटतो आणि दुप्पट होऊन बाहेर पडतो. किती देखणा हिशेब आहे हा!

पेटंटमधली आकृती पाहताना मी थबकलो. हंबकर, म्हणजे गुणगुण कापणारा हा पिकअप, म्हटला की डोळ्यांसमोर येते ती सहा स्क्रूंची रांग. आकृतीत ती नाहीच. विक्री विभागाला गिऱ्हाइकांशी बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून स्क्रू आले, असं लव्हर यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

याच सुमारास इलिनॉयमधले रे बट्स गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्ससाठी तसाच पिकअप घडवत होते. तो ग्रेच कंपनीच्या गिटारवर फिल्टरट्रॉन नावाने आला. बट्स यांचा अर्ज जानेवारी १९५७चा, म्हणजे लव्हर यांच्यानंतर दीड वर्षाने. पेटंट मात्र ३० जून १९५९ला, लव्हर यांच्या महिनाभर आधी! पहिला कोण, हा वाद गिटारवाल्यांत अजून रंगतो. मला तो निरर्थक वाटतो. गुणगुण कापणाऱ्या कॉइलचं तत्त्व बाल्डविन या पियानो कंपनीच्या १९३८च्या पेटंटमध्ये आलेलं आहे. दोघेही आपापल्या वाटेने तिथे पोचले आणि दोघांचे आवाज वेगळे आहेत. फिल्टरट्रॉन लखलखीत, लव्हर यांचा भरदार.

त्या भरदारपणात कारखान्याचाही हात होता. ४२ गेजच्या तारेचे प्रत्येक कॉइलवर पाच हजारांच्या आसपास फेरे, पण काटेकोर मोजणी नव्हती. म्हणून एकासारखा दुसरा पिकअप सापडत नाही.

लव्हर यांना हवा होता स्वच्छ, निर्मळ आवाज. पण १९६६मध्ये लंडनला एरिक क्लॅप्टनने ‘ब्लूज ब्रेकर्स’ या अल्बमसाठी हेच पिकअप मार्शल अ‍ॅम्पला जोडले, आवाज पार फाटेपर्यंत वाढवला आणि रॉक गिटारला तिचा गळा मिळाला.

१९६७मध्ये लव्हर प्रतिस्पर्धी फेंडरकडे गेले. तिथल्या त्यांच्या ‘वाइड रेंज’ हंबकरमध्येही स्क्रू आहेत. तांबं, निकेल आणि लोखंडाच्या चुंबकीय मिश्रधातूला आटे पाडता येतात, म्हणून त्यांनी तो निवडला. या पिकअपमध्ये प्रत्येक स्क्रू स्वतःच चुंबक आहे.