महाकाय मुंगीखाऊ

मुंगीसारख्या क्षुद्र जिवावर जगणारा प्राणी आकारानेही लहानच असावयाचा, असा आपला साधा तर्क. मध्य व दक्षिण अमेरिकेतील महाकाय मुंगीखाऊ तो खोटा ठरवितो. नाकापासून शेपटीच्या झुपक्यापर्यंत त्याची लांबी दोन मीटरांच्या आसपास भरते. आपल्याकडील खवले मांजरही मुंग्या-वाळवीवरच जगते व त्यालाही दात नसतात. परंतु हे साम्य आहारामुळे आलेले आहे, कुळाचे नव्हे.

या प्राण्याच्या जेवणाची रीत पाहण्याजोगी आहे. बळकट नखांनी तो वारूळ फोडतो आणि सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची चिकट जीभ झपाट्याने आतबाहेर करू लागतो. वारुळातील सैनिक चवताळून बाहेर पडतात न पडतात तोच तो पुढची वाट धरतो. त्यामुळे वारूळ उद्ध्वस्त होत नाही. उद्याची शिदोरी शिल्लक राहते. अशा रीतीने दिवसाकाठी तो हजारो किडे टिपतो.

परंतु घासभर येथे व घासभर तेथे खाणाऱ्याला भटकावयास मोठा मुलूख लागतो, आणि तोच आता तुटत चालला आहे. ब्राझीलमधील सेराडो या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात सोयाबीनची शेते पसरली, त्यांच्यामागून महामार्ग आले. मंद दृष्टीचा हा प्राणी रात्री भरधाव वाहनांखाली सापडतो. दाट, लांब केसांमुळे वणव्यातही त्याचा निभाव लागत नाही. १९९४ साली एमास राष्ट्रीय उद्यानातील आगीत असे अनेक प्राणी जळून मेले. मादीला एका वेळी एकच पिलू होते व ते कित्येक महिने आईच्या पाठीवर वाढते. म्हणजे रस्त्यावर एक मादी मेली की बहुधा दोन जीव जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची गणना ‘असुरक्षित’ प्राण्यांत केली आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. अर्जेंटिनातील इबेरा या पाणथळ प्रदेशातून हा प्राणी नाहीसा झाला होता. २००७ पासून अनाथ पिले वाढवून तेथे सोडण्यात आली आणि आता त्यांची पुढील पिढी मोकळ्या रानात जन्मास येत आहे. मात्र नकाशावर उद्यानाची सीमा आखली म्हणजे काम संपले, असे नव्हे. दोन रानांमधील वाट मोकळी ठेवणे आणि महामार्गाखालून प्राण्यांना सुरक्षित मार्ग देणे, हेही संरक्षणच होय.