आधी भिंत बघा, मग रंगाचा डबा

आजचा भाग गावाकडच्या घराला रंग द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी. आणि ते घर भोर-वेल्ह्याकडचं असेल तर जरा नीटच ऐका, कारण हे मी पैसे घालवून शिकलोय.

झालं असं, की ताई बाळंतपणाला वेल्ह्याला येणार होती. आई म्हणाली, "दिवाळीच्या आत रंग देऊन घे, पण घरात वास राहायला नको." मी इंजिनिअर माणूस! तीन रात्री रिव्ह्यू वाचले आणि 'इको-फ्रेंडली' लिहिलेला महागडा प्लास्टिक पेंट उचलला. आजी म्हणाली, "भिंत अजून ओली हाय रं, चुना दे." मी हसलो. संक्रांतीपर्यंत भिंतीला फोड आले, मग पापुद्रे सुटायला लागले.

डब्यात खोट नव्हती, निवड चुकली होती. आमच्या जुन्या भिंती दगड-मातीच्या. चार महिने पश्चिमेची झड खातात, जोत्यातूनही ओल वर चढते. पाऊस थांबल्यावर ही ओल पृष्ठभागातून हळूहळू बाहेर पडते. प्लास्टिक पेंटचा पातळ पडदा तिची वाट अडवतो. घामाघूम माणसाला रेनकोट घालावा तसं! आत अडकलेलं पाणी मग रंगालाच ढकलून देतं. आता सांगा, दर वर्षी खरवडून पुन्हा लावायचा रंग पर्यावरणपूरक कसला?

म्हणून पहिलं काम टेस्टिंग. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि एक दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. आधी फुटकी कौलं, पन्हाळ आणि जोत्यालगतचा पाण्याचा चर दुरुस्त करा. आमच्याकडे दिवाळीला भिंती वाळलेल्या नसतातच. फेब्रुवारी-मार्च बरा.

आता भिंतीप्रमाणे रंग.

दगड-मातीची भिंत असेल तर चुना. तो ओल अडवत नाही आणि ताजा असताना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे वाढणं जड जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो परत चुनखडीसारखा घट्ट होतो. भट्टीत चुनखडी भाजताना जेवढा वायू निघतो, त्यातला काही भाग असा भिंतीवर परत येतो.

कळीचा चुना विरवताना कळी पाण्यात टाका, कळीवर पाणी ओतू नका. पाणी उकळतं, म्हणून लोखंडी पिंप घ्या. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. दोन-तीन दिवस मुरू द्या, फडक्याने गाळा, ताकाइतका पातळ करा, थोडा शिजवलेला डिंक घाला. भिंत ओलसर करून तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळू द्या. ओला असताना काहीच दिसत नाही, घाबरू नका, वाळल्यावर उजळतो. रंगछटा हवी तर गेरू किंवा नीळ घाला. जुन्या प्लास्टिक पेंटवर मात्र चुना धरत नाही, आधी तो पूर्ण काढावा लागतो.

कोरडी सिमेंटची भिंत असेल तर पाण्याचा, कमी व्हीओसीचा रंग चालेल. व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी कार्बनी रसायनं. 'वास नाही' म्हणजे 'व्हीओसी नाही' असं नसतं, डब्यावर लिटरला किती ग्रॅम ते बघा. युरोपात आतल्या भिंतींच्या मॅट, पाण्यातल्या रंगाला ३० ग्रॅमची मर्यादा आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये शेणापासूनचा 'खादी प्राकृतिक पेंट' आणला. त्यात डिस्टेंपर आणि इमल्शन असे दोन प्रकार आहेत. पण शेणाचा असला तरी ओल्या भिंतीचं उत्तर तो नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी दाराचा जुना ऑइल पेंट कोरड्या पॉलिशपेपरने घासत होतो, आणि ताई शेजारच्या खोलीत. भोरहून आलेले रंगारीकाका ओरडले, "थांब, त्या धुळीत शिसं असंल!" खरंच आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं. शिसं बाळाच्या मेंदूला अपाय करतं आणि आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. जुना थर घट्ट असेल तर खरवडूच नका, वरून रंग द्या. सुटला असेल तर ओला करून घासा, मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी दुसऱ्या घरी.

त्या दिवशी ताईला चुलत्यांकडे पाठवलं. भाचा आता दीड वर्षाचा आहे, आणि गेल्या मार्चमध्ये आम्ही पापुद्रे काढून चुना दिला. तोही काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, पण खरवडायची भानगड नाही, वरूनच हात द्यायचा.

हो, आणि ब्रश ओढ्यात धुऊ नका! आमच्या ओढ्याचं पाणी शेवटी नीरेलाच मिळतं.

बाकी आजी अजून एकच वाक्य ऐकवते, "म्या सांगितलं व्हतं." चला, भेटू पुढच्या भागात.