सूर्याचा कोप आणि कुलाब्याची नोंद

वैशाखात भीमाकाठची काळी राने भाजून काढणारा सूर्य आपणास नियमितपणाचा आदर्श वाटतो. परंतु हा तेजोगोल अधूनमधून खवळतो.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र रेखाटीत होते. अकस्मात त्या डागांपाशी शुभ्र प्रकाश चमकला व सुमारे पाच मिनिटांत मावळला. नंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. तारायंत्रे बिघडली, अमेरिकेत तर विद्युत्‌घट काढून ठेवल्यावरही संदेश जात राहिले. त्याच वेळी आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. तेथे आजच्या मापाने सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली.

असे का घडते? सूर्यावरील तप्त, विद्युत्‌भारित वायूंच्या हालचालीमुळे चुंबकीय रेषांना पीळ पडत जातो. अतिपीळ दिलेले चऱ्हाट तुटून उसळावे, तशा या रेषा तुटून नव्याने जुळतात आणि साचलेली शक्ती एकदम बाहेर पडते. हीच सौरज्वाला होय.

याहून प्रचंड ज्वाला सूर्यावर उठेल काय? एका ताऱ्याकडे हजारो वर्षे पाहणे माणसास अशक्य. म्हणून शास्त्रज्ञांनी हजारो ताऱ्यांकडे काही वर्षे पाहिले. केप्लर दुर्बिणीने टिपलेल्या 56,450 सूर्यसदृश ताऱ्यांपैकी 2,527 ताऱ्यांवर 2,889 महाज्वाला आढळल्याचे 2024 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे अशा एका ताऱ्यावर सरासरीने शतकातून एक! आपला सूर्यही त्याच जातीचा. तथापि तो त्यांच्याइतकाच उग्र आहे की अधिक सौम्य, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

1859 साली बिघडण्यासारखी तारायंत्रेच होती. आज विहिरीवरील पंपापासून इस्पितळापर्यंत सारे विजेच्या लांबच लांब तारांवर अवलंबून आहे, आणि चुंबकीय वादळ नेमके अशाच तारांत नको तो प्रवाह निर्माण करते. म्हणूनच 2 सप्टेंबर 2023 रोजी भारताने ‘आदित्य-एल1’ हे यान सोडले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने घडविली आहे.

कुलाब्यास त्या दिवशी आकडे टिपणाऱ्यांना आपण काय टिपीत आहोत, याची कल्पना नसेल. तरीही ते आकडे आज जगभरचे शास्त्रज्ञ आधारास घेतात. प्रामाणिकपणे केलेली नोंद कधी वाया जात नाही, हे प्रयोगवहीत निरीक्षणे लिहिताना आपणही ध्यानी ठेवावे.