कोड्यांची बेटं, पाण्यातलं मंदिर

बंदूक नाही, शत्रू नाही, वेळेची मर्यादा नाही. २४ सप्टेंबर १९९३ रोजी मॅकिन्टॉश संगणकासाठी आलेल्या ‘मिस्ट’मध्ये खेळाडू एका पुस्तकातून थेट निर्जन बेटावर पोहोचतो. तिथली यंत्रं, खुणा, आवाज आणि वाचनालयातली पुस्तकं यांचे धागे जुळवत त्यानं एकेका नव्या जगाचं दार उघडायचं. रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांनी रचलेल्या या खेळाच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

कोडी असलेल्या खेळाचं महाराष्ट्रातलं उदाहरण पुण्याचं. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या चमूचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात राजी निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. यात लढाया भरपूर आहेत, पण वाटेत कोडीही आहेत. गोल चित्राचे तुकडे फिरवून नीट बसवले, की राजीच्या आठवणी उलगडतात.

या खेळासाठीची २०१७ मधली लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नव्हती. तरीही हा चमू मागे हटला नाही. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘राजी’ला पदार्पणाच्या खेळांच्या गटात नामांकन मिळालं.

राजीचे महाल राजस्थानी वास्तुकलेवरून सुचले. बीडमध्येही अशा खेळाला शोभतील अशा जागा आहेत: कुंडाच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर आणि भुयारी वाटेनं शेतांना पाणी देणारी, सोळाव्या शतकातली खजाना विहीर.